घणोबाचा गंज

१५ सप्टेंबर, सोमवार

धनेशला पुन्हा स्वप्न पडलं. स्वप्नं मालकांना पडतात आणि निस्तरायची आम्ही. सकाळी मीटिंगला आला तोच टेबलावर हात आपटत, "नवा प्रकार आणायचा! दसऱ्याला!"

आमच्या 'अक्राळ' गेममध्ये पहिल्यापासून पाच प्रकारचे राक्षस आहेत. आग, पाणी, वारा, झाड, लोखंड. आग झाडाला जाळते, पाणी आगीला विझवतं, झाड पाणी पिऊन टाकतं, लोखंड झाडाला तोडतं, वाऱ्याला जुमानत नाही आणि आगीपुढे वितळतं. कोणी फार जिंकू नये, कोणी फार हरू नये, हे बघायचं काम माझं. खेळणाऱ्यांना वाटतं हे सगळं आपोआप होतं. आपोआप काय होतं जगात? वरणालासुद्धा फोडणी द्यावी लागते.

तर नवा प्रकार गंज. लोखंडाला खाणारा. चित्र बघितलं, तांबूस, पापुद्रे सुटलेला, डोळ्यांच्या जागी भोकं. मेला दिसतो मात्र झकास. वर धनेशची आणखी एक कल्पना: गंजाकडून जो हरेल त्याच्या अंगावर गंज चढणार आणि त्याची ताकद कायमची कमी होणार.

"कायमची?" मी म्हटलं, "अरे, लोकांनी वर्षानुवर्षं जपलेत ते राक्षस."

"म्हणून तर भीती वाटेल ना! तू तोल सांभाळ स्वरूपा, तेच तर तुझं काम."

माझंच काम माझ्या तोंडावर मारलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज घरी लवकर आले. पुनावळ्याच्या चौकात चक्क ट्रॅफिक नव्हता, म्हणजे कलियुग संपलं बहुतेक.

दारातूनच आबांचा आवाज. चाकणहून आबांच्या जुन्या कंपनीची बस सुटली की बसमधली मंडळी गेम उघडतात आणि आबा घरून त्यांच्यात शिरतात. फोन स्पीकरवर. "ए म्हाताऱ्या," पलीकडून त्यांचे दोस्त वजीर चाचा, "तुझ्या घणोबाला काढा पाज जरा, खोकतोय तो!" आणि आबा इकडून, "तुझी आग इझली का पघ आधी, मग माझ्या घणोबाचं नाव घे!" मग बसमधली सगळी पोरं खिदळतात.

आबा रिटायर झाले तेव्हा घरात काय अवकळा होती ते मी लिहिलं नाही कधी. पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमधला गडगडणारा माणूस, घरी बसला आणि मुका झाला. जेवला का, तर मान हलवायची. आई म्हणायची, "भिताडाशी संसार करतीया मी." मग मीच त्यांच्या फोनमध्ये 'अक्राळ' टाकून दिला, गंमत म्हणून. त्यांनी लोखंडाचा राक्षस घेतला, नाव ठेवलं घणोबा, आणि जुन्या दोस्तांना एकेक करून खेचलं. त्या संध्याकाळच्या तासाभरावर आता आबांचा अख्खा दिवस चालतो. सकाळपासून डाव आखतात, आईला सांगतात, तिला शाट कळत नाही आणि तरी ती ऐकते.

मी काय काम करते हे मात्र त्या दोस्तांना ठाऊक नाही. स्टुडिओचा नियम आहे, कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी खेळलेलं चालत नाही. म्हणून मी आबांना बजावलंय, कुणाला सांगू नका. ते विचारलं की म्हणतात, "पोरगी कंप्युटरमधी हाय." कंप्युटरमध्येच असते म्हणा.

आई आज पोळ्या लाटताना म्हणाली, "काय बी कर, पन तुझ्या बापाचा त्यो घणोबा जप बाई."

जपते म्हटलं. गंजाचं सांगितलं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आठवडाभर आकडे बसवतेय. गंजाचा लोखंडावर वार धनेशला दुप्पट हवा होता, भांडून भांडून सव्वापटीवर आणला. बाकी सगळ्यांसमोर गंज दुबळा ठेवला. पाण्यासमोर दुबळा, आगीसमोर दुबळा, वाऱ्यासमोर तर लोळण.

आणि काटा आहेच. काटा म्हणजे मी बनवलेली एक सोय. दिवसभरातल्या कुस्त्या बघतो. कुणी फार हरायला लागलं की त्याची ताकद थोडी वाढवतो, कुणी फार जिंकायला लागलं की थोडी काढून घेतो. किराणावाला तराजूत चिमूटभर डाळ टाकतो नि काढतो, तसंच. धनेशने सांगितलं, नवा प्रकार आहे, पहिल्या दिवशी काट्याला मोकळा सोड, घाईघाईने शिकू दे. दुसऱ्या दिवसापासून आकडे गोठवायचे. ठीक आहे, काट्यावर माझा भरवसा आहे. माणसांपेक्षा जास्त.

एक गोष्ट मात्र मी मिळवली. दसऱ्याला सुरू करायचं म्हणजे मला सण ऑफिसात. मी म्हटलं, आदल्या दिवशी सकाळी सुरू करू, दिवसभर काटा शिकेल, दसऱ्याला मी घरी. धनेश कसा काय तयार झाला कोण जाणे. आईला फोन करून सांगितलं, यंदा श्रीखंड मी करणार. ती म्हणाली, "नगं बाई, ईकतचं आन."

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

आजचा दिवस माझा! गंज आला आणि कुणी रडलं नाही.

लोखंडवाले बहुतेक सगळे आपल्याच पट्ट्यातले: पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव. तेच बोंब मारतील असं वाटलं होतं. पण लोखंडवाले दिवसभर जवळजवळ दिसलेच नाहीत. आले ते दुसरे राक्षस घेऊन आले, झाड, पाणी, काहीही. किती समजूतदार माणसं! उगीच घाबरले मी. उलट गंजच दिवसभर मार खात होता. ज्याच्या त्याच्या हातून. काटा बिचारा त्याला वाढवतोय, वाढवतोय, आणि तो पुन्हा उताणा. संध्याकाळपर्यंत कुठे जरा उभा राहायला लागला. आकडे गोठवले आणि निघाले.

घरी आबांची पूजा मांडून झाली होती. पाटावर लाल कापड, त्यावर त्यांचा जुना पाना, कानस, हातोडी, व्हर्नियर, सगळं घासूनपुसून, हळदकुंकू लावून. आणि यंदा त्यांच्या शेजारी चक्क फोन! पडद्यावर घणोबा उघडून ठेवलेला, वर झेंडूचं फूल.

आई करवादली, "फोनची पूजा? येड लागलं का?"

"फोनची न्हाई, घणोबाची," आबा म्हणाले. "बसमधल्या समद्यांनी मांडलीया. आज लोखंडाला हात लावायचा नसतोय. उद्या सोनं वाटलं की मग काढू भाईर."

मी हसून हसून बेजार. फोटो काढला पूजेचा. आता झोपते, उद्या मजा.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

काय लिहू?

माझ्या मठ्ठ डोक्यात प्रकाश पडला तो आबांची पहिली किंकाळी ऐकून. आपट्याची पानं देऊन झाली, श्रीखंड वाढलं होतं, बसच्या मंडळींनी आज सणाची म्हणून दुपारीच कुस्ती ठेवली होती. आबांनी फुलाखालून फोन काढला, घणोबाला नमस्कार केला आणि उतरवला मैदानात.

समोर कुणाचा तरी गंज. एका वारात घणोबा आडवा.

"अरं? अरं, हे काय? वजीर, माझा घणोबा पघ की रं!"

"माझंही लोखंड गेलं यार! अंगावर काय चढलंय हे?"

मी वाटी तशीच ठेवून लॅपटॉप उघडला. काल लोखंड खेळलंच नव्हतं. सगळ्यांच्या घरी पाटावर होतं, हळदकुंकू लावून. गंजाला खायला लोखंड मिळालंच नाही म्हणून तो हरत होता, आणि तो हरतोय म्हणून माझा शहाणा काटा त्याला दिवसभर खुराक देत होता. लोखंडावरचा वार सव्वापटीचा चौपट केला त्याने. मी बघत होते. मी टाळ्या वाजवत होते! डोळ्यांसमोर पूजा मांडलेली, तिचा फोटो काढला मी, आणि तरी कळलं नाही. आपल्या मातीतलं पोर ना मी? मग कुठे होती अक्कल?

धनेशला फोन केला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत घे. तो म्हणे, "वेडी आहेस का? गंज घेण्यासाठी उड्या पडतायत. लोकं चिडली म्हणजे गुंतली." आकडे उघडायची चावी त्याच्याकडेच. मी ओरडले, रडले, शेवटी त्याच्या बायकोला फोन केला. तिने मला दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या.

आबा जिद्दीने पुन्हा पुन्हा उतरत राहिले. प्रत्येक वेळी घणोबावर तांबूस थर थोडा अजून वाढायचा. संध्याकाळी तो ओळखू येत नव्हता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसात भांडले. उपयोग शून्य. धनेश म्हणतो, "आकडे तुझ्याच काट्याने काढलेत. मी बोटही लावलं नाही." खरं आहे ते, आणि म्हणूनच जास्त झोंबलं.

आबांना सांगितलं, माझ्याच हातून झालं, खंडेनवमीचं लक्षात आलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "व्हतंय असं," म्हणाले. "पहिल्यांदा प्रेसवर डाय बसवताना आमी बी पत्र्याचा जॉब फाडायचो." मग चहा मागितला. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी घरी आले तेव्हा आबा खेळत नव्हते, नुसतं स्पीकरवर ऐकत होते. बसमध्ये गोंधळ चालला होता, सगळे एकदम बोलत होते. त्यातून वजीर चाचांचा आवाज, "ज्यानं बनवलंय ना हे, त्याच्या हाताला—"

आबांनी मला दारात बघितलं आणि फोन कट केला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. रेंज गेली."

बिचारे. हरल्याची लाज वाटत असणार, माझ्यासमोर तर जास्तच. घणोबा मुंगीसमोरही टिकत नाही आता. मी काही न बघितल्यासारखं करून आत गेले.

८ ऑक्टोबर, बुधवार

आबांनी बसवाल्यांचा ग्रुप सोडला. आईने सांगितलं. संध्याकाळी बसची वेळ झाली की गॅलरीत जाऊन बसतात, समोरच्या टॉवरच्या खिडक्या बघत. वजीर चाचांचा फोन वाजतो, उचलत नाहीत.

आई म्हणाली, "पुन्यांदा भिताड झालं गं." माझ्याकडे बघून नाही म्हणाली. एवढी तरी दया केली.

लोखंड सुधारल्याशिवाय गत्यंतर नाही. घणोबा उभा राहिला की आबा उभे राहतील.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज धनेशने ऑफिसात पेढे वाटले. काट्यावर सगळे प्रकार समान दिसतायत! कोणी फार जिंकत नाही, कोणी फार हरत नाही. "बघ, बसला ना तोल?" म्हणाला.

मी आत खणून बघितलं. तोल बसलाय, कारण हरणारे निघून गेले. पिंपरी-चिंचवड, चाकण, सगळ्या पट्ट्यातले लोखंडवाले गायब. उरलेत ते गंज विरुद्ध गंज. दोघं सारखेच, तेव्हा प्रत्येक जण अर्ध्या वेळा जिंकणारच की! हे धनेशला दाखवलं तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा पडला. माणसं गेली म्हणजे धंदा गेला, एवढं त्याला समजतं. पेढा पुन्हा डब्यात ठेवला त्याने, खरंच.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं! परवानगी मिळाली, आणि आज दुपारी सगळं दुरुस्तही झालं. गंज सव्वापटीवर. चढलेले थर उतरवले, प्रत्येकाचा राक्षस होता तसा. मी स्वतः घणोबा तपासला, लखलखतोय.

धावत घरी आले. "आबा, फोन उघडा. घणोबा बघा!"

त्यांनी बघितला. अंगठ्याने जरा मोठा करून बघितला. "बरं झालं," म्हणाले. "मेहनत केलीस." आणि फोन ठेवून दिला.

"खेळा ना मग!"

"बघू. दिवाळी झाल्यावर."

मला काही कळेना. लोखंड परत आलं, घणोबा परत आला, मग आता अडलंय कुठे? म्हातारी माणसं रुसली की रुसली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

आज वजीर चाचा फराळाला आले. दर दिवाळीला येतात, आम्ही ईदला त्यांच्याकडे जातो. आबा अंघोळीला गेलेले. मी ताट समोर ठेवलं तर चाचा ताटाकडे बघेनात.

"बेटा, एक विचारू? तुझ्या बापाला आमचं काय लागलं?"

"हरत होते ना चाचा, म्हणून—"

"हट! हरणारा माणूस आहे का तो? शंभरदा हरलाय, शंभरदा मला शिव्या घातल्यात. हे वेगळं आहे. त्या दिवशी बसमध्ये सगळे पेटलेले. सुरुवात मीच केली. म्हटलं, ज्यानं हे गंजाचं बनवलंय त्याच्या हाताला किडे पडोत. मग पोरं सुटली. त्याचं घर, त्याचे आईबाप, काय काय काढलं, तुला सांगता यायचं नाही. आणि मधेच सोपानरावचा फोन कट. दोन दिवसांनी ग्रुपमधून बाहेर. आजवर त्यानं माझा फोन कापला नव्हता गं. आम्ही त्याला थोडेच बोलत होतो? त्या कुणा नालायकाला बोलत होतो."

माझ्या हातात चकल्यांचा डबा होता. तो खाली ठेवला.

रेंज गेली म्हणाले होते आबा. माझ्याकडे बघून कट केला होता फोन. आणि मी त्यांना घणोबा दाखवायला धावत आले होते!

सांगायला नको होतं. नियम होता, नोकरीचा प्रश्न होता, आबांनी एवढं पोटात ठेवलं होतं. पण माझ्या तोंडाला कधी कुलूप होतं? "चाचा," मी म्हटलं, "तो नालायक मीच आहे."

चाचा आधी हसले. मग माझा चेहरा बघून थांबले. "तू? म्हणजे आपली स्वरूपा?" दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या त्यांनी. "तोबा, तोबा. मी तुझ्या हाताला..."

आबा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. दोघांकडे बघितलं आणि त्यांना कळलं. म्हणाले, "वजीर, खा की. गार करून खायची वस्तू हाय का ती?" चकली होती ती. चाचांनी ती कशीबशी संपवली आणि लवकर निघाले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

ते गेल्यावर आबा एवढंच म्हणाले, "कशापायी सांगितलंस?"

"तुमच्यासाठी."

"हं," म्हणाले. आईने मध्ये पडून मला मामाने दिलेली ओवाळणीची साडी दाखवली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

देव पावला! चाचांनीच सगळ्यांना समजावलं असणार. कारण आज सगळ्यांनी मिळून आबांना फोन केला, ग्रुपमध्ये परत घेतलं आणि संध्याकाळी स्पीकर सुरू! घणोबा उतरला आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना लोळवलं त्याने. एकही कुस्ती हरला नाही. "वा सोपानराव, वा!" चालू होतं पलीकडून. आईने दृष्ट काढली, आबांची की फोनची ते विचारलं नाही.

माझं गुपित फुटलं तरी कुणी तक्रार केली नाही. उलट फोन ठेवताना पोरं म्हणाली, "ताईंना नमस्कार सांगा." केवढं मन मोठं! मी उगीच सांगितलं म्हणून रात्रंदिवस स्वतःला खात होते.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आजही आबा सगळ्या कुस्त्या जिंकले! वजीर चाचांचं वय झालं की काय, घणोबासमोर झाड घेऊन आले. लोखंडासमोर झाड! दोन घावांत सरपण. माझ्या हसण्याचा आवाज स्पीकरवर गेला तर पलीकडे एकदम शांतता. मग चाचा म्हणाले, "हुशार आहे हो सोपानराव तुमचा घणोबा." अहो-जाहो करतात हल्ली आबांना.

आबा हसले नाहीत. दमले असतील.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मी घरून काम करत होते. बस सुटायची वेळ झाली, बाहेर स्पीकर लागला. थोड्या वेळाने आबा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, फोन बाहेरच ठेवून.

"पुन्यांदा जिंकलो," म्हणाले.

"वा! कुणाशी?"

"समद्यांशी. वजीर आज वारा घेऊन आला. त्याच्याकडं चांगली आग हाय, तीन वर्सं पोसलेली. ती काढतच न्हाई."

"चूक होत असेल आबा. वयाने—"

"वजीरची?" ते खुर्ची ओढून बसले. "आमच्या लहानपणी गावच्या उरुसात पाटलाचं पोरगं उतरायचं आखाड्यात. समोरचा पैलवान कितीबी तगडा असू दे, आपनहून पाठ टेकायचा. नुरा कुस्ती. लोकं टाळ्या वाजवायची, पाटलाचं पोरगं मिशी पिळायचं. त्याला कधी कळायचं न्हाई. मला कळतंय."

मी म्हटलं, मी बोलते चाचांशी.

"काय बोलशील? बापाला हरवा म्हणून? मग तू सांगितलं म्हणून हरवतील. ते बी नुराच."

मी लॅपटॉपवर त्यांच्या कुस्त्या उघडल्या. सगळं दिसत होतं. दुबळा वार, चुकीचा राक्षस, वेळ असून न मारलेला डाव. आकड्यांत कुठेच खोट नाही, गंज सव्वापट, आग जागेवर, लोखंड जागेवर. मी इतका नीट तोल आजवर बसवला नव्हता.

"गंज हुता तवा तू त्यो उतरवलास," आबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, चहा मागावा तसा. "ह्याच्यावर हाय का गं काय तुझ्याकडं?"

"नाही आबा."

त्यांनी मान हलवली. बाहेरून आवाज आला, "सोपानराव, अजून एक डाव होऊ द्या की! तुम्ही म्हणाल तो राक्षस आणतो!"

"त्यांस्नी वाईट वाटाय नगं," म्हणून आबा उठले. "आलो रं, आलो," असं जोरात ओरडले आणि पुन्हा जिंकायला गेले.